छाती कमी करण्याचं ऑपरेशन: दहा महिन्यांनंतरचा अनुभव

मी कोल्हापुरात राजारामपुरीत घरीच ब्लाऊज शिवते, वीस वर्षं झाली. त्यामुळे पुढचं सगळं इंच-टेपच्या भाषेत येणार, त्याला इलाज नाही.

ऑपरेशन गेल्या आषाढात झालं. मुद्दाम आषाढ धरला, कारण तेव्हा आमच्या धंद्यात मशिनवर माश्या बसतात. वय ४१, दोन मुलं, दोघंही कॉलेजात. छाती ४४, खालचा घेर ३५, आणि ब्राच्या पट्ट्यांनी खांद्यावर पडलेले खड्डे असे की बोट बसावं. मान, पाठ, घडीखाली चिघळणारी कातडी... ज्यांना आहे त्यांना सांगायला नको. मेडिक्लेमवाल्यांनी कॉस्मेटिक म्हणून हात वर केले, मग भिशी उचलली. उजवीकडून ६२० ग्रॅम निघालं, डावीकडून ७०५.

आधी सहा आठवडे मिश्री बंद. डॉक्टरांनी बाकी काही एकदा सांगितलं असेल, हे तीनदा सांगितलं: तंबाखूनं बारीक रक्तवाहिन्या आवळतात आणि जागेवरून वर सरकवलेल्या निप्पलला रक्त पोचलं नाही तर ते काळं पडतं. आमच्या आत्ती म्हणायच्या, "एवढीशी लावली तर काय हुतंय?" मी माझी डबीच त्यांच्या हवाली करून टाकली.

दिसण्याचं आधी सांगते, कारण ते सोपं आहे. पट्टी सोडल्यावर आरशात बघितलं आणि वाटलं, कुणा शिकाऊ पोरीनं कटोरी उलटी जोडलीय. वर सगळं फुगलेलं, खाली सपाट, कडा चौकोनी. रंग जांभळा, मग हिरवट, मग हळदीसारखा. हे बसतं, पण सावकाश. माझ्या वहीत ऑपरेशनआधी खांद्यापासून टोकापर्यंत १३ इंच आहे. तिसऱ्या आठवड्यात ते ९ भरलं, तीन महिन्यांनी साडेनऊ, आता पावणेदहावर थांबलंय. छातीचं माप पहिल्या महिन्यात सूज धरून ४१, चौथ्या महिन्यात साडेएकोणचाळीस, आता ३९. मी मात्र एवढी शहाणी की दिवाळीला हौसेनं ४० वर प्रिन्सेस कट शिवला. संक्रांतीला तो अंगात झोळीसारखा लोंबत होता. सहा महिने नवीन ब्लाऊज शिवू नका आणि शिवलाच तर आत दाबायला जागा ठेवा. माझंच गिऱ्हाईक कमी होईल, होऊ दे.

शिलाई जहाजाच्या नांगराच्या आकाराची असते: निप्पलभोवती गोल, तिथून खाली उभी, आणि घडीत आडवी. उभी जिथं आडवीला मिळते तिथं सगळा ताण. ब्लाऊजही जोडावरच उसवतो ना? माझंही तिसऱ्या आठवड्यात डावीकडं तिथंच नखाएवढं उसवलं. मी रडून घेतलं. डॉक्टरांना त्याचं काहीच वाटलं नाही, असं बऱ्याच जणींचं होतं म्हणाले. साध्या ड्रेसिंगवर तीन आठवड्यांत भरलं, टाका पुन्हा घालावा लागला नाही. जखम पूर्ण भरल्यावर सिलिकॉनची पट्टी लावायला सांगितली. ती पावसाळ्यात ठीक, एप्रिलच्या घामात मात्र निसटते आणि खाली पुरळ येतं. मी दिवसा जेल आणि रात्री पट्टी असं केलं. उभा वण आता फिका झालाय. आडवा अजून लालसर आहे आणि काखेकडच्या टोकाला टक्सच्या टोकाला राहते तशी चुणी राहिलीय. हात वर केल्याशिवाय दिसत नाही.

चौथ्या महिन्यात डावीकडं आत सुपारीएवढी कडक गाठ लागली. दोन रात्री झोप नाही. सोनोग्राफीत निघालं की चरबीचा एक तुकडा रक्ताअभावी मेलाय, फॅट नेक्रोसिस. आता ती मऊ पडत चाललीय. गाठ लागली तर ऑपरेशनचीच असणार म्हणून घरी बसू नका, दाखवून या.

आता जे मला कुणी नीट सांगितलं नव्हतं ते.

दुखणं मी धरून चालले होते. पण दुखलं कमीच. झालं ते हे, की काही कळेचना. अंघोळीला हात लावला की हाताला छाती कळायची, छातीला हात कळायचा नाही. भरलेल्या उशीला हात लावावा तसं. आमचे हे विचारायचे, "दुखतंय का?" काय सांगणार? नाही म्हटलं तर बरं आहे असा अर्थ व्हायचा.

श्रावणात पंचगंगा पात्राबाहेर आली होती, घरभर ओल, पाठ आखडलेली. गरम पाण्याची पिशवी घेऊन कुशीवर पडले. पिशवी सरकून पुढं आली. मला पत्ताच नाही. सकाळी उजव्या बाजूला खाली तळहाताएवढा लाल डाग आणि मधे एक फोड. मी दवाखान्यात फोन करून विचारलं तर पलीकडून, "हो, सुन्न जागेला शेक द्यायचा नसतो." घरी सोडताना दिलेल्या कागदावर पथ्याच्या अकरा ओळी होत्या, त्यात ही नव्हती. माझ्याकडून त्यांचा एक गुण तिथं कापला गेला. चुलीसमोर, तव्यासमोर, इस्त्री करताना, सगळीकडं डोळ्यांनी बघून जपावं लागतं.

मग दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात करंट सुरू झाले. काज करता करता अचानक आतून सुई टोचावी तसं, दोन सेकंद, आणि संपलं. खाजही आतून, वरून कितीही खाजवा, लागत नाही. डॉक्टर म्हणाले, हे चांगलं लक्षण आहे. निप्पलला मुख्यतः चौथ्या बरगडीच्या बाजूनं येणारी नस असते. ऑपरेशनमध्ये तिचे बारीक फाटे ताणतात, काही तुटतात, आणि नस पुन्हा वाढते ती दिवसाला साधारण १ मिलिमीटर. म्हणजे आमच्या हिशेबानं महिन्याला सव्वा इंचही नाही. हे पहिल्याच दिवशी सांगितलं असतं तर मी रोज चाचपून बघितलं नसतं.

दोन्ही बाजू एका वेळी जाग्या होत नाहीत. नवरात्रात अंबाबाईच्या रांगेत एका बाईचं कोपर लागलं. उजवीकडं नुसता धक्का कळला. तेच परत वळताना डावीकडं लागलं आणि डोळ्यांपुढं काजवे चमकले. डावं निप्पल जागं झालं होतं, पण इतकं तिखट की अस्तराचा कापूसही काथ्यासारखा घासायचा. त्यावर इलाज सांगितला वेगवेगळ्या कापडांनी हलकं घासायचा, आणि चिंध्यांना माझ्याकडं काय तोटा! पंधरा दिवस मलमल, मग टू बाय टू रुबिया, मग खण, शेवटी टर्किश टॉवेल. सकाळ-संध्याकाळ पाच मिनिटं. खणापाशी मी महिनाभर अडले होते. आता डावीकडं कुठलाही ब्लाऊज चालतो. उजव्याला सातव्या महिन्यात आधी गार कळायला लागलं, स्पर्श नंतर. अजूनही तो कळतो पण लांबून, शेजारच्या घरात कुणी दार वाजवावं तसा.

मूल व्हायचं असेल अशा मुलींनी दुधाच्या नळ्यांचं आणि या नसांचं आधी स्पष्ट विचारून घ्यावं. दोन्हीला धोका असतो, आणि काहींची संवेदना पूर्ण परत येतच नाही. कुणी शंभर टक्के म्हणालं तर तिथून उठा.

पाचपैकी साडेतीन. पाठदुखी गेली ती गेलीच, रंकाळ्याला पूर्ण फेरी मारते, खांद्यावरचे खड्डे भरत आलेत. एक गुण त्या न लिहिलेल्या बाराव्या ओळीचा गेला, अर्धा चुणीचा.

तिसऱ्या महिन्यात सगळे टाके भरल्यावर मी एक उद्योग चालू केला. डोळे मिटून टाचणीच्या डोक्यानं चाचपायचं, जिथं कळत नाही तिथं खडूनं रेघ. पहिल्यांदा काढली तेव्हा उजवीकडं भाकरीचा पाव भाग असावा एवढी जागा मुकी होती. दिवाळीनंतर पुरीएवढी. शिमग्याला छोट्या कडाकण्याएवढी. परवा काढली तर आडव्या शिलाईच्या जरा वर, पाच रुपयांच्या नाण्याएवढी. वहीत तारीख घातलीय. पुढचं माप आषाढात.