ऑल-इन-वन की संपवाली टाकी? जळगावच्या उन्हाळ्यात रीफ ठेवणाऱ्यासाठी

रीफ टँक, म्हणजे खाऱ्या पाण्यातली कोरलची टाकी, करायचं ठरलं की मीठ कुठलं, लाईट कुठला हे सगळं नंतर येतं, पहिला घोळ हाच असतो की मागे कप्पे असलेली तयार ऑल-इन-वन घ्यायची की भोक पाडलेली टाकी करून खाली संप ठेवायचा, म्हणजे वरचं पाणी पाईपने जिथे उतरतं आणि पंपाने परत वर जातं ती दुसरी टाकी. मी दोन्ही केलंय. दोन उन्हाळे पंचाहत्तर लिटरची ऑल-इन-वन चालवली आणि आता तीन फुटी टाकी संपवर आहे, घर तेच, जळगावातलं, वरचा मजला, स्लॅब तापतो तो तापतोच. त्यामुळे मी जे सांगतोय ते इथल्या हवेपुरतं धरा, मुंबई-कोकणातल्या माणसाचं मत वेगळं असू शकतं आणि ते चुकीचं असेल असंही नाही.

आधी ऑल-इन-वनची बाजू, कारण ती खरंच चांगली वस्तू आहे. एक काच, एक पंप, पाईप नाही, जोड नाही, लाईट गेली तर पाणी कुठे जाईल ही चिंता नाही. संपवाल्या टाकीत पंप बंद पडला की वरचं पाणी खाली येतं, म्हणजे तीन बाय दीड फुटाच्या टाकीत नुसतं एक इंच उतरलं तरी साडेदहा लिटर झालं, तेवढी जागा संपात मोकळी ठेवली नसेल तर ते फरशीवर येणार. आणि आपल्याकडे लाईट दुपारी जाते, वादळात जाते, काहीच नसताना पण जाते. रिटर्नचा, म्हणजे संपातून पाणी परत वर आणणाऱ्या पाईपचा नोझल पाण्याच्या वरच्या थरालाच ठेवायचा म्हणजे हवा लवकर घुसते आणि सायफन तुटतो, हे करावंच लागतं, पाणी उलटं येऊ न देणाऱ्या नुसत्या चेक व्हॉल्व्हवर मी भरवसा ठेवणार नाही, त्यात गोगलगाय नाहीतर चुन्याचा थर अडकला की तो नावापुरताच उरतो.

मग ऑल-इन-वन सोडली का? पाणी उडतं म्हणून. ऐकायला फालतू कारण वाटेल पण माझ्यासाठी सगळं इथेच ठरलं.

मे महिन्यात कोरडी हवा, बाहेर चव्वेचाळीस-पंचेचाळीस, आणि टाकी थंड राहावी म्हणून वर पंखा लावलेला. पंखा म्हणजे पाणी उडवूनच थंड करतो ना, एक लिटर उडालं तर शंभर लिटर पाणी हिशोबाने साडेपाच अंशांच्या वर थंड व्हायला पाहिजे, फक्त तेवढ्यात खोली पुन्हा तापवत असते. माझे दिवसाला अडीच-तीन लिटर सहज उडायचे. मीठ उडत नाही, ते टाकीतच राहतं, म्हणजे पंचाहत्तर लिटरमधले तीन गेले की ३५ ची क्षारता (हजार भाग पाण्यात मीठ किती) साडेछत्तीसला टेकते आणि हे रोज. आई अमळनेरची, ती रोज बादली बघून विचारायची, "तुना मासा कितलं पानी पेतस रे?"

आता खरी मेख ऐका. ऑल-इन-वनमध्ये पुढची पातळी हलतच नाही, सगळी घट मागच्या पंपाच्या कप्प्यात दिसते आणि तो कप्पा म्हणजे चार बाय चार इंच. त्यात वापरण्याजोगं पाणी सव्वा लिटरच्या आसपास. म्हणजे सकाळी भरलं तर संध्याकाळी पंप हवा ओढायला लागतो, पुढे बारीक बुडबुडे, आणि आवाज असा की शेजारचे विचारतात मिक्सर चालू आहे का. त्यात फेसावाटे घाण काढणारा छोटा स्किमर बसवला असेल तर पाण्याची पातळी खालीवर झाली की तोही कधी उतू जातो तर कधी नुसताच फिरतो.

एकदा धुळ्याला लग्नाला गेलो, दोन दिवस, धाकट्या भावाला सांगून गेलो की पाणी टाकत जा. त्याने टाकलं नाही. आळशीपणा नव्हता हो, तो म्हणाला, "दादा, टाकी तर काठोकाठ भरलेली होती, मग काय टाकू?" आणि पुढून बघितलं तर खरंच भरलेली होती. मागे पंप कोरडा फिरत होता. प्रवाह बंद, पाणी तापलेलं, क्लीनर श्रिम्प गेला, मशरूम आणि झोएंथिड ही कोरलं पंधरा दिवस मिटून बसली. त्या दिवसापासून माझं मन उडालं.

ऑटो टॉप-ऑफ, म्हणजे उडालेलं पाणी आपोआप भरणारा पंप, लावला असता तर? लावला होता, पुढच्या उन्हाळ्यात. पण बॅकअपचं पाणी ठेवायचं कुठे, टेबलावर जागा नाही म्हणून डबा वरच्या फळीवर ठेवला, आणि डबा टाकीच्या वर असला की पंप थांबला तरी नळीतून सायफन चालूच राहतो, अख्खा डबा आत गेला. चूक माझीच. नळीचं तोंड पाण्याच्या वर ठेवायचं आणि डबा खाली, हे आता कळतं.

संपमध्ये रिटर्नच्या भागात मला सात-आठ लिटरची सूट मिळते. टाकी मोठी म्हणून पाणीही जास्त उडतं, दिवसाला पाच-सहा लिटर, म्हणजे नुसत्या संपने चमत्कार होत नाही. पण कॅबिनेटमध्ये खालीच थंड पाण्यावाल्याचा रिकामा वीस लिटरचा जार बसतो, त्यात आरओ-डीआयचं, म्हणजे क्षार काढून टाकलेलं पाणी, आणि तीन दिवस बाहेर जाता येतं. शिवाय संपच्या काचेवर मार्करने रेघ मारली आहे, भावाला एवढंच सांगतो की रेघेपर्यंत. त्याला रीफ कळायची गरज नाही.

संपचे त्रास पण आहेत, लपवत नाही. प्लंबरला संप म्हटलं तर त्याला बिल्डिंगखालची टाकीच आठवते, ते समजावण्यात एक दुपार गेली. मग तो पितळी व्हॉल्व्ह घेऊन आला, "भाऊ, आयुष्यभर जाणार नाही." पितळेत तांबं असतं, आणि तांबं म्हणजे कोरल, श्रिम्प, गोगलगाय सगळ्यांना विष, तेव्हा सगळं यूपीव्हीसीच पाहिजे, लोखंडी क्लॅम्पसुद्धा नको. ड्रेनला, म्हणजे पाणी खाली नेणाऱ्या पाईपला, मी आधी डुर्सो पद्धतीचा एकच उभा पाईप केला होता, चालतो पण रात्री गुळगुळ गुळगुळ, हॉलमध्ये झोपणाऱ्याला नको होतं. मग हर्बी केला, एक पाईप पूर्ण पाण्याने भरून वाहणारा आणि त्यावर गेट व्हॉल्व्ह, दुसरा मोकळा, पहिला तुंबला तर. आवाज जवळजवळ गेला. बॉल व्हॉल्व्हने पण जमतं म्हणतात, मला तरी केसाएवढं फिरवणं त्यात जमलं नाही. कॅबिनेटमध्ये दमट होतं, साधा प्लाय फुगतो, एमएसची फ्रेम पावडर कोटिंग करून घेतलेली बरी, आणि प्लग पाण्याच्या रेषेत नको.

कूलरचं एक लक्षात ठेवा. हॉलमध्ये कूलर लावला की हवा दमट होते, पाणी कमी उडतं, पण मग पंख्याने टाकी थंडही होत नाही, माझी अशीच एकदा तिशीला गेली. कूलरच्या खोलीत टाकी असेल तर पाणी थंड करणारा चिलर धरूनच चला, आणि त्याच्या नळ्या संपमधून घेणं सोपं, ऑल-इन-वनला काठावरून लोंबकळत घ्याव्या लागतात.

बदलीची नोकरी असेल, भाड्याचं घर असेल, भुसावळला रेल्वेत असाल आणि दोन वर्षांत कुठे जाणार माहीत नसेल, तर ऑल-इन-वन घ्या, मी अडवणार नाही, दोन माणसं उचलून नेतात. घर स्वतःचं असेल आणि वर्षातून चार लग्नांना जावंच लागत असेल तर मी आपला संपकडेच झुकेन.

आणि काचवाल्याकडे जाताना टँक निपल (भोकात बसवून पाईप जोडायचा तुकडा) आधी विकत घ्या, त्याच्या हातात द्या, मापून मगच भोक पाडायला सांगा, टफन काच असेल तर ती फुटणारच म्हणून साधीच काच. मी भोक आधी पाडून घेतलं होतं, मग त्या मापाचं निपल शोधत तीन आठवडे फिरलो.