गुरुवारची घरसभा, कामोठे: पाचपैकी चार

नवी मुंबईत ख्रिस्ती उपासनेसाठी वणवण करावी लागत नाही. रविवारी सकाळी जुईनगरपासून पनवेलपर्यंत शाळांचे हॉल, लग्नाचे हॉल, एखाद्या बिल्डिंगची गच्ची, कुठून पेटी-तबला ऐकू येतो तर कुठून गिटार-ड्रम. सोमवार ते शनिवार काय, हा खरा प्रश्न. त्यावर आमच्या मराठी मेथडिस्ट मंडळीचा, म्हणजे एका प्रोटेस्टंट पंथाच्या चर्चचा, तोडगा म्हणजे कामोठ्यातली ही गुरुवारची घरसभा. इकडे नव्याने राहायला आलेले लोक विचारत असतात, यायला हरकत नाही ना, वेळ फुकट जाणार नाही ना. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

माझी ओळख एवढीच की तुर्भ्याला एका ट्रान्सपोर्ट कंपनीत हिशेब बघतो. मूळचे आम्ही संगमनेरकडचे, चर्च ऑफ नॉर्थ इंडियावाले. बायको मेथडिस्ट. १९७० साली अनेक प्रोटेस्टंट मंडळ्या एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली तेव्हा मेथडिस्ट ऐनवेळी बाहेर राहिले. आमच्या घरात ते एकीकरण लग्नाच्या मांडवात पार पडलं. विश्वास माझ्याकडे आजोबांपासून आलेला, सातबाऱ्यावर नाव असतं तसा. नाव आहे, पण शेतात कधी पाय ठेवलेला नाही. हे मुद्दाम सांगतो, कारण या अभिप्रायातलं कौतुक भाविक माणसाचं नाही. मी मागच्या बाकावरचा माणूस आहे.

मानसरोवर स्टेशनातून चालत येता येतं. दुचाकी लावायला जागा मिळते, चारचाकी आणू नका, सोसायटीच्या सेक्रेटरीशी वाद होतो. वेळ साडेआठची सांगतात आणि हार्बरच्या गाड्यांवर अवलंबून असलेली सभा सुरू व्हायला पावणेनऊ होतात. ठिकाण फिरतं असतं, दर महिन्याला एकाचं घर. वन-रूम किचनमध्येही पंधरा-सोळा माणसं बसतात. चहा मिळतो, जेवण मिळत नाही, आणि ते चांगलंच आहे. जेवण ठेवलं की घरची बाई सभेत नसते, ओट्यापाशी असते.

सुरुवातीला दोन भजनं पेटीवर. मग पवित्र शास्त्रातला एक उतारा, पाळकसाहेब आले असतील तरी प्रवचन नाही. कोणाला कुठलं वाक्य अडलं, कुठलं टोचलं, एवढंच बोलायचं. इथपर्यंत इतर कुठल्याही प्रार्थनासभेसारखंच. वेगळेपण शेवटच्या वीस मिनिटांत आहे. गटाच्या पुढारी एक निवृत्त परिचारिका आहेत, सगळे त्यांना सिस्टर म्हणतात. त्या एक दोनशे पानी वही काढतात. आज जे वाचलं त्यातून पुढच्या गुरुवारपर्यंत कोण काय करणार, ते नावासकट लिहिलं जातं. आणि मागच्या गुरुवारी लिहिलेलं वाचून दाखवलं जातं. झालं का? नाही झालं? का नाही झालं? आवाज चढत नाही, पण प्रश्न सुटतही नाही.

मी तीस वर्षं ऑडिटरला तोंड देतोय. आध्यात्मिक ऑडिट मात्र पहिल्यांदा पाहिलं, आणि त्याच्या मुळाशी खरंच हिशेब निघाला. मेथडिस्ट पंथ ज्यांच्यापासून सुरू झाला त्या जॉन वेस्ली यांच्या लोकांवर इंग्लंडमधल्या ब्रिस्टलच्या सभागृहाचं कर्ज होतं. १७४२च्या फेब्रुवारीत ते फेडायचं कसं यावर बैठक बसली. एका कप्तानाने सुचवलं की प्रत्येकाने आठवड्याला एक पेनी द्यावी. कोणी म्हणालं, गरिबाने कुठून द्यायची? तेव्हा तो म्हणाला, सर्वांत गरीब अशी अकरा माणसं माझ्याकडे द्या, ज्याला जमणार नाही त्याची मी भरतो. असे बारा-बाराचे वर्ग पडले. पुढारी दर आठवड्याला पेनी मागायला घरोघर जाऊ लागले आणि घरात शिरल्यावर त्यांना दिसलं की अमुक माणूस दारू पितो, तमुक घरात नवराबायकोचं बोलणं बंद आहे. वेस्लींच्या लक्षात आलं की वसुलीपेक्षा हे मोठं आहे. मेथडिस्टांची वर्गसभा ही अशी वसुलीतून जन्मली. आमच्याकडे पेनीच्या जागी दहा रुपये, स्टीलच्या डब्यात. नसले तर नाही टाकायचे, सिस्टर तुमचे टाकतात आणि कोणाला कळत नाही. (मला कळतं, कारण डबा मोजायचं काम माझ्याकडे आहे.)

आता सेवेचं. खारघरला टाटा स्मारक केंद्राचं कर्करोग रुग्णालय आणि संशोधन केंद्र अ‍ॅक्ट्रेक आहे. कर्करोगाचे रुग्ण बिहार, बंगाल, आसामकडून येतात, सोबत घरचं एखादं माणूस. उपचार महिनोन्‌महिने चालतात, तोवर ही माणसं आसपासच्या गावांत खोली घेऊन राहतात. घरसभेने त्यांच्यासाठी शनिवारी संध्याकाळी जेवण न्यायला सुरुवात केली होती. वरण-भात, आमटी, पोळ्या, एक भाजी. उत्साह दांडगा. मग तक्रार आली. पूर्वेकडच्या एका बाईंनी डबा परत देताना सरळ विचारलं, "दाल में गुड़ क्यों डालते हो?"

त्या गुरुवारी योगायोगाने नव्हे, सिस्टरनी ठरवून बायबलच्या नव्या करारातलं प्रेषितांची कृत्ये, सहावा अध्याय काढला. यरुशलेमेच्या पहिल्या मंडळीत नोंदलेली कुरकुर कशाची? जेवणाच्या वाटपाची. ग्रीक बोलणाऱ्यांच्या विधवांकडे रोजच्या वाटपात दुर्लक्ष होतं, अशी. मी तो अध्याय लहानपणी रविवार शाळेत पाठ केला होता, पण प्रेषितांनी, म्हणजे येशूच्या मुख्य शिष्यांनी, तक्रार करणाऱ्यांना कृतघ्न म्हटलं नाही, हे तेव्हा ध्यानात आलं नव्हतं. त्यांनी सात माणसं निवडायला लावली, आणि स्तेफन, फिलिप्प यांच्यासकट सातही नावं ग्रीक आहेत. ज्यांची तक्रार, वाटप त्यांच्याच हाती. आमच्यात यावर बरीच वादावादी झाली. एक काका म्हणाले, फुकट मिळतंय आणि वर नावं ठेवतात. सिस्टर म्हणाल्या, गुळाचं सोडा, पाच वाजता शिजवलेलं आठ वाजता पोचतं, हे केमो चालू असलेल्या माणसाच्या पोटात जाता कामा नये. पांढऱ्या पेशी उतरलेल्या असतात, त्याला ताजं, गरम आणि नीट शिजलेलंच हवं, कच्ची कोशिंबीर तर नकोच. मग दोघांना वहीत काम दिलं: जाऊन विचारा काय हवं.

उत्तर आलं, कुकर. आणि गॅस. खोल्यांमध्ये दोन्ही नव्हतं. आता मंडळीकडे आठ कुकर, सहा शेगड्या आणि पाच किलोचे छोटे सिलिंडर आहेत. या सिलिंडरला पत्त्याचा पुरावा लागत नाही, ओळखपत्रावर मिळतो, भाड्याच्या खोलीतल्या परगावच्या माणसाला तोच सोयीचा. उपचार संपले की सामान परत, पुढच्याला. अनामत घेत नाही. कुकर परत येतो, शिट्टी हमखास येत नाही. शिट्ट्या आणि रबर हा आमच्या जमाखर्चातला कायमचा खर्च आहे. डबे देताना आम्हाला जे समाधान मिळायचं ते मात्र गेलं. कुकर दिल्यावर कोणी आपल्यासमोर जेवत नाही, फोटो निघत नाही, हात जोडत नाही. घरसभेतले चार-पाच उत्साही लोक त्यानंतर येईनासे झाले. जे राहिले त्यांच्याशी माझं आता खरं सख्य आहे.

दुसरं काम या रुग्णांसाठी प्लेटलेट, म्हणजे रक्तस्राव थांबवणाऱ्या पेशी, दान करण्याचं. हे तरुणांकडे आहे, आणि उंच आवाजात प्रार्थना करायला लाजणारी आमची पोरं इथे सगळ्यांत पुढे असतात. दान केलेल्या प्लेटलेट पाचच दिवस टिकतात, त्याही २० ते २४ अंशांत, सतत हलवत ठेवून. साठा करून ठेवता येत नाही, म्हणून मे महिन्यात आणि दिवाळीत माणसं गावी गेली की ओढाताण होते. यंत्र रक्तातल्या फक्त प्लेटलेट काढून घेतं, बाकीचं परत देतं, तास-दीड तास लागतो. रक्त दिलं की पुरुषाला तीन महिने थांबावं लागतं, प्लेटलेट ४८ तासांनी पुन्हा देता येतात, वर्षाला २४ वेळांपर्यंत. आधीचे तीन दिवस अ‍ॅस्पिरिन घ्यायची नाही. डिलिव्हरीचं काम करणारा एक मुलगा गुरुवारी सभेला क्वचित येतो, पण वहीत त्याचं नाव सर्वांत जास्त वेळा आहे. पाळकसाहेबांनी एकदा त्याला साक्ष द्यायला, म्हणजे आपला विश्वासाचा अनुभव सांगायला, उभं केलं. "यंत्र बीप करतं, मग मूठ दाबायची," एवढं बोलून तो बसला.

माझ्या वाट्याला कागद आले. हे मला पटलं, कारण स्वयंपाक येत नाही आणि वयाने, रक्तदाबाने प्लेटलेटमधून बाद. पंतप्रधान राष्ट्रीय मदत निधीचा अर्ज, रुग्णालयाचं खर्चाचं अंदाजपत्रक, उत्पन्नाचा दाखला, फोटो, झेरॉक्सचे संच. रेल्वेची सवलत तर निम्म्या लोकांना ठाऊक नसते: उपचाराच्या प्रवासात कर्करुग्णाला स्लीपर आणि थर्ड एसीत तिकीट पूर्ण माफ, सोबतच्या एका माणसाला ७५ टक्के सूट, रुग्णालयाचं प्रमाणपत्र मात्र हवं. बिहारमधल्या पूर्णियाकडच्या एका गृहस्थांची फाइल मी लावून दिली. त्यांनी सगळ्या प्रती मोजून घेतल्या आणि विचारलं, "आपका कमीशन?" नाही म्हटलं. त्यांचा विश्वास बसला नाही. पुन्हा दोनदा विचारलं.

हा किस्सा मी गुरुवारी हसत हसत सांगितला. लोक हसले. सिस्टर हसल्या नाहीत. वहीवर पेन ठेवून म्हणाल्या, "भाऊ, खरंच काही मिळत नाही का हो तुम्हाला?" घरी जाताना मानसरोवरच्या पुलाखाली मला उत्तर सापडत गेलं. मिळतं की. 'साहेब' म्हणतात. ऑफिसात मला तीस वर्षांत कोणी साहेब म्हटलेलं नाही. डाव्या हाताला कळू नये असं दान द्यावं, हे मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायातलं वाचन मी डझनभर वेळा ऐकलं असेल, कोरड्या कानांनी. या प्रश्नानंतर ते माझ्यावर आलं. आता फाइल तयार झाली की ती सोबतच्या नातेवाइकाकडूनच भरून घेतो, मी शेजारी बसतो. वेळ दुप्पट लागतो. पण पुढच्या खोलीतल्या माणसाची फाइल त्या पूर्णियावाल्यांनी स्वतः लावून दिली, माझ्याकडे आणलीही नाही. मला थोडं वाईट वाटलं, हेही वहीत आहे.

एक नियम इथे सांगायलाच हवा, कारण त्यावरून लोक येतात किंवा सोडून जातात. रुग्णांच्या खोलीत धर्मप्रचाराचं पत्रक न्यायचं नाही, न विचारता प्रार्थना करायची नाही. कोणी म्हणालं, आमच्यासाठी प्रार्थना करा, तर करायची, आणि थोडक्यात. काहींना हा भित्रेपणा वाटतो. मला वाटत नाही. भाड्याच्या खोलीत घाबरून बसलेल्या माणसाला कुकरबरोबर पत्रक दिलं की तो कुकर उसना राहत नाही, किंमत लावलेला होतो.

आता एक तारा का कापला. प्रार्थना लांबतात, एक मावशी गल्लीतल्या प्रत्येक आजाऱ्याचं नाव घेतात आणि शेवटची पनवेल गाडी डोळ्यांसमोर दिसू लागते. शास्त्र वाचतात ते जुन्या वळणाच्या मराठीत, इंग्रजी शाळेतल्या मुलांना निम्मं कळत नाही आणि ती मोबाईलवर दुसरं काही वाचत बसतात. चहाचे कप अजून बायकाच धुतात. प्रेषितांच्या कृत्यांचा सहावा अध्याय वाचूनसुद्धा! मी हा मुद्दा मांडला, तर पुढच्या आठवड्यासाठी वहीत माझंच नाव लागलं, तेव्हापासून धुतोय, बाकीचे पुरुष अजून नुसतं कौतुक करतात. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सुप्रभातचा मारा असतो. म्यूट करा, कामाचं असेल तर सिस्टर फोन करतात.

ज्यांना जोरदार संगीत, चमत्काराच्या साक्षी, तापलेलं वातावरण हवं, त्यांना इथे करमणार नाही. आपल्याला कोणी काही विचारू नये असं वाटणाऱ्यांनीही रविवारची मोठी उपासनाच धरावी. बाकी कोणत्याही मंडळीचे असा, कॅथलिक शेजारीसुद्धा येतात, सभासदत्वाची चौकशी होत नाही. पहिल्या दिवशी वहीत नाव लागत नाही. दुसऱ्या दिवशी लागतं.

या महिन्यात सभा सेक्टर अकराकडच्या आमच्या शेजाऱ्यांच्या घरी आहे, तिसरा मजला, लिफ्ट आहे पण साडेनऊनंतर वॉचमन बंद करतो. येताना जुना, चालू स्थितीतला कुकर असेल तर घेऊन या. तीन लिटरचा चालेल, पाचचा उत्तम. शिट्टीसकट.