अत्याचारातून गेलेल्या मुलांसाठी समुपदेशक: स्त्री की पुरुष?

लैंगिक अत्याचार सोसलेल्या मुलाला समुपदेशनासाठी न्यायचे ठरले की, समुपदेशक स्त्री असावी की पुरुष, हा प्रश्न पालकांसमोर लगेच उभा राहतो. बालकांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणाऱ्या २०१२ च्या पोक्सो कायद्यानुसार बालकाचा जबाब शक्यतो महिला पोलीस अधिकाऱ्याने नोंदवायचा असतो आणि मुलीची वैद्यकीय तपासणी महिला डॉक्टरांनी करायची असते. समुपदेशन मात्र अनेक महिने चालते, त्यामुळे तिथे हाच निकष डोळे झाकून लावता येत नाही.

पुरुषाकडून अत्याचार झालेल्या मुलीसाठी सुरुवातीला स्त्री समुपदेशक बहुधा योग्य ठरते, कारण शरीराविषयी, पाळीविषयी किंवा दिवस राहण्याच्या भीतीविषयी बोलताना तिला कमी संकोच वाटतो. परंतु अत्याचार करणारी स्त्री असेल, किंवा सांगूनही आईने विश्वास ठेवला नसेल, तर स्त्रीसमोरच ती गप्प होऊ शकते. पुरुष समुपदेशकाच्या रूपाने तिला मर्यादा पाळणारा आणि तिचा नकार मानणारा पुरुष भेटतो. तरीही ‘भीती घालवण्यासाठी’ म्हणून तो तिच्यावर लादणे मला क्रूरपणाचे वाटते.

मुलग्यांचा विचार आपल्याकडे फार तोकडा होतो. केंद्रीय महिला व बालविकास मंत्रालयाच्या २००७ च्या अभ्यासात लैंगिक अत्याचार झाल्याचे सांगणाऱ्या बालकांपैकी ५२.९४ टक्के मुलगे होते. ‘मुलगा आहे, तर पुरुषच बरा’ असे गृहीत धरू नये, कारण आपण प्रतिकार का केला नाही, हे दुसऱ्या पुरुषासमोर सांगताना अनेकांना कमीपणा वाटतो. उलट, अत्याचाराच्या वेळी शरीराने दिलेल्या प्रतिसादाची लाज वयात आलेल्या मुलाला आतून पोखरत असेल, तर ताईपेक्षा दादाशी बोलणे त्याला सोपे जाऊ शकते आणि तो प्रतिसाद म्हणजे संमती नव्हे, हे पुरुषाकडून ऐकल्यावर अधिक पटू शकते.

म्हणून पालकांनी आपल्या धास्तीवरून न ठरवता मुलालाच विचारावे आणि दोन-तीन भेटींनंतर पुन्हा विचारावे. हवी तशी व्यक्ती जवळपास नसेल, तर अशा मुलांसोबत काम करण्याचे प्रशिक्षण आणि अनुभव आधी पाहावा. ‘झाले ते विसरून जा’ म्हणणारी स्त्री समुपदेशक शांतपणे ऐकून घेणाऱ्या प्रशिक्षित पुरुषापेक्षा जास्त इजा करू शकते. पोक्सोच्या कलम १९ नुसार गुन्ह्याची माहिती पोलिसांना देणे समुपदेशकावर बंधनकारक आहे, तेव्हा कोणती गोष्ट गुप्त राहील आणि कोणती राहणार नाही, हे मुलाला केव्हा व कसे सांगितले जाते, याची विचारणा पहिल्या भेटीआधीच करावी.