हिंजवडीतली मोठी कंपनी की बाणेरचा स्टार्टअप?

मी दोन्हीकडे काम केलंय. हिंजवडीच्या राजीव गांधी इन्फोटेक पार्कमधल्या एका मोठ्या कंपनीत 4 वर्षं, मग बाणेरच्या 15 जणांच्या स्टार्टअपमध्ये 2.

मोठ्या कंपनीत पगार ठरल्या तारखेला, पीएफ, आईवडिलांसकट आरोग्यविमा. बाबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तेव्हा खिशातून जवळपास काहीच गेलं नाही, हे मी कधी विसरणार नाही. पण तिथे एका बटणावरचे दोन शब्द बदलायला तीन साहेबांची मंजुरी लागली आणि बदल लाइव्ह गेला पाचव्या आठवड्यात. वर वाकडच्या ट्रॅफिकमध्ये बसचा रोज तासभर.

स्टार्टअपमध्ये सकाळी लिहिलेला कोड संध्याकाळी ग्राहकाच्या मोबाइलवर. डेटाबेस, सर्व्हर, चिडलेल्या ग्राहकांचे फोन, सगळं अंगावर पडलं, म्हणूनच शिकले. मात्र एकदा पगार दीड महिना लांबला. पीएफ नव्हताच, कायद्याने तो 20 किंवा जास्त कर्मचारी असतील तिथेच सक्तीचा.

घराचा हप्ता चालू असेल, तर मी मोठी कंपनीच सांगेन. जबाबदारी नसेल, तर पहिली दोन-तीन वर्षं बेधडक स्टार्टअप. फक्त इसॉपच्या, म्हणजे पुढे कंपनीचे शेअर्स मिळतील या आश्वासनावर पगार कमी करून घेऊ नका.