फायरवॉलची पार्टनरशिप: बॉक्स विकायचा की सांभाळायला घ्यायचा?

दर दोन-तीन महिन्यांनी एखाद्या ओळखीच्या मुलाचा फोन येतो. कॉम्प्युटरचं दुकान असतं, सीसीटीव्ही बसवून देतो, कुणाची लॅन बंद पडली की मध्यरात्रीही धावतो. आता त्याला कंपनीचा पार्टनर, म्हणजे विक्रेता होऊन फायरवॉल (ऑफिसच्या इंटरनेटच्या दारावर राखण करणारा बॉक्स) आणि ऑफिसच्या फोन सिस्टीममध्ये उतरायचं असतं. प्रश्न ठरलेला: "दादा, फोर्टिनेट घेऊ की सोफोस?"

ही दोन्ही फायरवॉल बनवणाऱ्या कंपन्यांची नावं. माझं मत असं की कंपनी नंतर ठरवावी. आधी ठरवायचं ते हे, की माल विकून बाजूला व्हायचं, की गिऱ्हाइकाचं नेटवर्क सांभाळायची जबाबदारी घ्यायची. कोल्हापूर, सांगली, इचलकरंजी या पट्ट्यात मी दोन्ही केलंय, म्हणून त्या क्रमानंच सांगतो.

बॉक्स विकला तर हातात काय उरतं

साखळी साधी आहे. कंपनी डिस्ट्रिब्युटरला माल देते. रेडिंग्टन, इनग्राम मायक्रो, सेव्हेक्स ही नावं तुम्ही ऐकली असतील. डिस्टी आपल्याला देतो आणि आपण गिऱ्हाइकाला. कंपनीचा माणूस भाव ठरवायला मदत करतो, पण बिल आपलं असतं आणि उधारीही आपलीच असते.

समजा, तीन वर्षांच्या लायसनसकट एका फायरवॉलचा सौदा जीएसटी सोडून २ लाखांना ठरला आणि तुम्हाला ८ टक्के सुटले. म्हणजे १६ हजार. डिस्टीला १ लाख ८४ हजार अधिक १८ टक्के जीएसटी, असे २ लाख १७ हजार द्यायचे, आणि तेही ३० दिवसांत. कारखान्याचा अकाउंट विभाग मात्र ९० दिवसांनी चेक काढतो. मधले दोन महिने तुमचा पैसा अडकला. महिना दीड टक्क्यानं त्याचं व्याजच साडेसहा हजार झालं. उरले साडेनऊ हजार. त्यातून इंजिनिअरचे बसवायचे दोन दिवस काढा, पेट्रोल काढा. शिवाय पुढची तीन वर्षं "जरा यूट्यूब चालू करून द्या", "व्हीपीएन लागत नाही" असे फोन येत राहतात, ते सगळे फुकट. पेमेंट आणखी एक महिना लांबलं तर उरलेल्यातले तीन हजार आणखी गेले.

आकडे प्रत्येकाचे वेगळे असतील, पण हिशेब करायची रीत हीच ठेवा. आम्ही पहिली चार वर्षं मार्जिन बघत होतो आणि दिवस मोजत नव्हतो.

यात बऱ्याच जणांना माहीत नसलेली एक गोष्ट आहे. सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायचे, उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज, असा नियम २००६ च्या एमएसएमई कायद्यात आहे. पण व्यापारी म्हणून उद्यम नोंदणी असेल, तर जुलै २०२१ च्या निर्णयाप्रमाणे तिचा फायदा प्राधान्य क्षेत्रातल्या कर्जापुरताच मिळतो. नुसता बॉक्स विकणं हा व्यापार झाला, नेटवर्क सांभाळणं ही सेवा. सेवेच्या बिलाला कायद्याचा आधार आहे. आपल्या सीएला विचारून नोंदणी नीट करून घ्या.

सांभाळायला घेतलं तर

याचे दोन प्रकार आहेत आणि लोक त्यांची गल्लत करतात.

पहिल्या प्रकारात बॉक्सही तुमचाच असतो आणि गिऱ्हाईक महिन्याला भाडं देतं. वरचाच बॉक्स महिना साडेसात हजारांनी ३६ महिने दिला तर २ लाख ७० हजार येतात. कागदावर छान दिसतं. पण घातलेले १ लाख ८४ हजार वसूल व्हायलाच पंचविसावा महिना उजाडतो, आणि चौदाव्या महिन्यात कारखाना बंद झाला तर लायसन तुमच्या गळ्यात. अशी पाच गिऱ्हाइकं झाली की भांडवलच संपतं. मासिक लायसनची सोय आहे, सोफोसचा एमएसपी कार्यक्रम आणि फोर्टिनेटचं फोर्टिफ्लेक्स त्यासाठीच आहेत. तरी सुरुवातीला या वाटेला जाऊ नका.

दुसऱ्या प्रकारात बॉक्स आणि लायसन गिऱ्हाइकाच्या नावावर घ्यायचं, पीओसोबत (खरेदीच्या ऑर्डरसोबत) निदान डिस्टीच्या बिलाइतका ॲडव्हान्स घ्यायचा, आणि सांभाळण्याचे पैसे वेगळे, दर तिमाहीला आगाऊ. बॉक्सवर कमी सुटलं तरी चालतं, कारण कमाई सांभाळण्यात आहे. छोट्या पार्टनरला मी हाच रस्ता सांगतो. का, ते एका सोमवारमुळे.

शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीतून सकाळी सातला फोन आला. टॅली उघडत नाही, फाइलींची नावं बदललीत. पोचलो. जिन्याखालच्या कपाटात फायरवॉल होता. वर मोल्डिंगच्या वाळूची काळी बारीक धूळ, आत हिरवा दिवा व्यवस्थित चालू. लॉगिन करून पाहिलं तर लायसन अकरा महिन्यांपूर्वी संपलेलं. सर्व्हरचा रिमोट डेस्कटॉपचा ३३८९ पोर्ट, म्हणजे लांबून सर्व्हर वापरायचं दार, बाहेरच्या जगाला उघडा होता. तिथूनच कुणीतरी घुसून फायली कुलूपबंद केल्या होत्या. लॉकडाऊनमध्ये अकाउंटच्या ताई घरून काम करायच्या, तेव्हा उघडलेला, आणि तो बंद करायचं कुणाच्या कामात बसत नव्हतं. मालक एवढंच म्हणाले, "साहेब, नेट तर चालू होतं की!"

खरंच चालू होतं. लायसन संपलं म्हणून फायरवॉल इंटरनेट तोडत नाही. घुसखोरी ओळखणं आणि नव्या धोक्यांची यादी घेणं तेवढं थांबतं, आणि ते डोळ्यांना दिसत नाही. शेवटचा बॅकअप एकोणीस दिवसांपूर्वीचा, पेन ड्राइव्हवर. त्या ताई आणि आणखी दोघींनी चलनांच्या कागदी प्रतींवरून सगळ्या नोंदी पुन्हा केल्या.

तो बॉक्स मीच विकला होता. रिन्यूअलची आठवण एक ईमेल टाकून केली होती, उत्तर आलं नाही, मी विसरलो. व्यवहार विक्रीपुरताच असल्यामुळे त्यात माझी कागदोपत्री चूक नव्हती. पण मला त्या दिवशी त्या माणसांच्या समोर उभं राहवत नव्हतं. तेव्हापासून नुसता बॉक्स मी देत नाही.

सांभाळण्याच्या बाजूनं कायद्याचंही बळ आहे. सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे कंपन्यांनी आपल्या सिस्टीमचे लॉग (कोण आलं, काय झालं याच्या नोंदी) १८० दिवस ठेवायचे असतात आणि ठरावीक प्रकारच्या घटना कळल्यापासून ६ तासांत कळवायच्या असतात. आता बघा, फोर्टिनेटच्या फायरवॉलचं नाव फोर्टिगेट; फोर्टिगेट क्लाउड फुकटात ७ दिवसांचे लॉग ठेवतं, सोफोसच्या ऑनलाइन पॅनेलमध्ये, सोफोस सेंट्रलमध्येही फुकट रिपोर्टिंग ७ दिवसांचंच. फोर्टिगेटच्या छोट्या ६०एफ मॉडेलमध्ये डिस्कच नसते, त्यासाठी ६१एफ घ्यावा लागतो. म्हणजे बसवून सोडून दिलेला बॉक्स पहिल्याच आठवड्यापासून या नियमात कमी पडतो. १८० दिवसांचे लॉग साठवणं आणि महिन्याला एकदा वाचणं, या एकाच कामाचे पैसे गिऱ्हाईक समजून-उमजून देतं. नागरी सहकारी बँकांना तर समजवावंही लागत नाही. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून ९४ कोटी गेले, त्यानंतर रिझर्व्ह बँकेनं डिसेंबर २०१९ मध्ये या बँकांसाठी चार पातळ्यांची सायबर सुरक्षा चौकट आणली. ऑडिटर आता कागद मागतो.

आता फोर्टिनेट की सोफोस

पश्चिम भारतातल्या जुन्या पार्टनरांची शाळा म्हणजे अहमदाबादची सायबरोम. २०१४ मध्ये सोफोसनं ती विकत घेतली आणि आमच्यासारखे अनेक जण आपोआप सोफोसवाले झाले. त्यामुळे माझा हात तिकडे जरा जास्त बसलाय, हे लक्षात ठेवून पुढचं वाचा.

एकट्या-दुकट्या इंजिनिअरनं तीस-चाळीस गिऱ्हाइकं सांभाळायची असतील तर सोफोस सोपं पडतं. सोफोस सेंट्रलच्या पार्टनर खात्यात सगळ्यांचे फायरवॉल आणि अँटिव्हायरस एका पानावर दिसतात, आणि फायरवॉल तिथून चालवायला वेगळे पैसे नाहीत. तातडीच्या दुरुस्त्या बॉक्स स्वतःहून घेतो. एप्रिल २०२० मध्ये एक्सजी फायरवॉलमध्ये भोक सापडलं तेव्हा अशीच दुरुस्ती रातोरात गेली होती. चोवीस तास नजर ठेवणं आपल्याला झेपत नाही, ते त्यांच्या एमडीआर सेवेतून विकता येतं.

फोर्टिनेटची ताकद वेगळी. स्वतःच्या चिपमुळे त्याच किमतीत वेग चांगला मिळतो. दोन-तीन कंपन्यांच्या लाइन, चार शाखा असं काम असेल तर एसडी-वॅन (अनेक इंटरनेट लाइन आणि शाखा एकत्र चालवायची सोय) फायरवॉलमध्येच येतं, आणि स्विच, वायफायही त्याच बॉक्समधून चालवता येतात. मोठ्या कारखान्याचा आयटी मॅनेजर नाव घेऊन फोर्टिगेटच मागतो, आणि त्यावर काम येणारी मुलं पुण्यात सहज मिळतात. प्रशिक्षण ऑनलाइन फुकट आहे, परीक्षेला फी पडते. पण बरेच बॉक्स एकत्र सांभाळायला फोर्टिमॅनेजर किंवा क्लाउडचं सशुल्क लायसन लागतं, तो खर्च धरूनच तिमाहीचा भाव सांगा.

दोन्हीकडे अधूनमधून जमीन सरकते, त्याची तयारी हवी. सोफोसच्या एक्सजी मालिकेची मुदत ३१ मार्च २०२५ ला संपली. ज्यांनी गिऱ्हाइकाला वर्षभर आधी सांगितलं त्यांना नवे एक्सजीएस विकता आले, ज्यांनी शेवटच्या महिन्यात सांगितलं त्यांनी बोलणी खाल्ली. फोर्टिनेटनं ७.६ आवृत्तीपासून ४०एफ, ६०एफसारख्या दोन जीबी रॅमच्या मॉडेलवरून एसएसएल व्हीपीएन, म्हणजे घरून ऑफिसच्या नेटवर्कला सुरक्षित जोडायची एक सोय, काढलं. घरून काम करणाऱ्या सगळ्यांना आयपीसेक या दुसऱ्या प्रकारच्या व्हीपीएनवर न्यावं लागतं. सांभाळण्याचा करार असेल तर हे पैसे मिळवून देणारं काम आहे, नसेल तर फुकटची धावपळ.

"कुणाचा फायरवॉल फुटत नाही?" हाही प्रश्न येतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये फोर्टिनेटच्या एसएसएल व्हीपीएनमध्ये गंभीर दोष निघाला, सप्टेंबर २०२५ मध्ये सोनिकवॉल या आणखी एका फायरवॉल कंपनीच्या क्लाउडवरचे ग्राहकांचे बॅकअप परक्यांच्या हाती गेले. न फुटणारी कंपनी शोधू नका. दोष जाहीर झाल्यापासून किती दिवसांत तुम्ही सगळ्या गिऱ्हाइकांचे बॉक्स अपडेट करू शकता, ते मोजा. ज्या कंपनीच्या बाबतीत हा आकडा लहान येईल, ती तुमची.

आणि दोन्ही एकदम घेऊ नका. डील रजिस्ट्रेशन हा या धंद्याचा कणा आहे. गिऱ्हाइकाचं नाव कंपनीकडे आधी नोंदवणाऱ्याला खास भाव मिळतो, मागून आलेल्याला तो मिळत नाही. तुम्ही एकाच कंपनीचे आहात हे माहीत असलं की तिचा माणूस तुमच्या डीलसाठी भांडतो. कोटेशन देण्याआधी नोंदवा. आधी भाव सांगून मग नोंदवायला गेलं की कुणीतरी आधीच बसलेलं असतं.

फोनचं काय

छोट्या कारखान्यात ईपीएबीएक्सला, म्हणजे ऑफिसच्या अंतर्गत टेलिफोन एक्स्चेंजला, अजून तोड नाही. गेटवरच्या केबिनपर्यंत जुनी दोन तारांची केबल गेलेली असते, तिच्यावर साधा इंटरकॉम वर्षानुवर्षं चालतो. तिथं आयपी फोन (नेटवर्कवर चालणारा) लावायचा तर नवी लॅन, पीओई स्विच (लॅनच्या केबलमधूनच वीज देणारा), उन्हापावसाची काळजी, हे सगळं आलं. म्हणून मी वडोदऱ्याच्या मॅट्रिक्ससारखी, साधे आणि आयपी दोन्ही फोन घेणारी सिस्टीम देतो: शॉपफ्लोअरला तारेवर, ऑफिसला आयपीवर. कुठलीही घ्या, टीईसी या दूरसंचार खात्याच्या संस्थेचं प्रमाणपत्र आहे का ते बघा, ऑक्टोबर २०१९ पासून ते सक्तीचं आहे. मोठ्या नावाला भुलू नका. अवायानं २०१७ आणि २०२३ अशी दोनदा अमेरिकेत दिवाळखोरीच्या कायद्याचा आसरा घेतला.

क्लाउड टेलिफोनी, म्हणजे इंटरनेटवरून भाड्यानं घेतलेली फोन सिस्टीम, विक्री विभागाला उत्तम, दहा मुली दिवसभर ग्राहकांना फोन करतात अशा ठिकाणी. पण करार बहुधा सेवा देणाऱ्या कंपनीचा आणि गिऱ्हाइकाचा होतो, आपल्याला कमिशन. दुसऱ्या वर्षी गिऱ्हाईक आपल्याला फोन करेलच असं नाही.

फोन आणि फायरवॉल एकाच हातात असण्याचा फायदा मला एका हॉस्पिटलात कळला. समोरच्याचा आवाज येतो, आपला जात नाही. फोनवाला फायरवॉलकडे बोट दाखवी, फायरवॉलवाला फोनकडे, आणि रिसेप्शनवरच्या ताई नऊ दिवस स्वतःच्या मोबाइलवरून पेशंटांना फोन करत होत्या. फायरवॉलमधलं एसआयपी एएलजी (इंटरनेट कॉलमध्ये ढवळाढवळ करणारं सेटिंग) बंद केलं, दहा मिनिटांत आवाज सुरळीत. त्याच बैठकीत बाहेरून उघडा असलेला फोन सिस्टीमचा ५०६० पोर्टही बंद केला, नाहीतर रात्री परदेशी कॉल लागून बिल फुगतं. दोन्ही कामं आमच्याकडे आली ती त्या दिवसापासून.

सरकारी टेंडर सुरुवातीला बाजूलाच ठेवा. कंपनीचं अधिकारपत्र, अनामत, मेक इन इंडियाची टक्केवारी आणि उशिरा येणारं पेमेंट हे सगळं पेलायला मागे पैसा लागतो.

डिस्टीकडे पहिल्यांदा जाल तेव्हा मार्जिन विचारण्याआधी हे विचारा: क्रेडिट किती दिवसांचं आणि किती रकमेपर्यंत, बंद पडलेला बॉक्स बदलून यायला कोल्हापुरात किती दिवस लागतात, मधल्या काळात स्टँडबाय (तात्पुरता बॉक्स) मिळतो का, आणि माझ्या गिऱ्हाइकाच्या रिन्यूअलची सूचना दुसऱ्या पार्टनरला जाते का. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर लेखी घ्या. आणि घरी आल्यावर एका वहीत प्रत्येक बॉक्सचा सिरियल नंबर आणि लायसन संपायची तारीख लिहायला सुरुवात करा. मी आता तारखेच्या नव्वद दिवस आधी ईमेल करत नाही, स्वतः जाऊन मालकांना भेटतो.