स्वाधार योजनेवर दोन वर्षं बी.एड. केलं, त्याचा हिशोब

माझं बी.एड. यंदा पूर्ण झालं. घर हिंगोली जिल्ह्यात, कॉलेज छत्रपती संभाजीनगरला. वडील नाहीत, आई दुसऱ्याच्या रानात रोजंदारीनं जाते. ही दोन वर्षं मी भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजनेच्या पैशावर शहरात राहिले. गावाकडच्या मुली फोन करून विचारतात, "ताई, स्वाधारचे पैसे खरंच मिळतात का?" मिळतात. पण कधी मिळतात आणि तोवर कसं निभवायचं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं, म्हणून सविस्तर लिहिते.

अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांना सरकारी वसतिगृहात नंबर लागला नाही, तर बाहेर खोली करून राहायला ही योजना पैसे देते. २०१६-१७ पासून ती सुरू आहे. घरचं उत्पन्न वर्षाला अडीच लाखांच्या आत हवं, कॉलेजच्या शहरातले तुम्ही रहिवासी नसावं, आणि अभ्यासक्रम दोन वर्षांपेक्षा कमी मुदतीचा नसावा. बी.एड. २०१५ पासून दोन वर्षांचं झालंय, त्यामुळे आपण यात बसतो. मुंबई, पुणे, नागपूरला वर्षाला ६०,००० रुपये, संभाजीनगरसारख्या विभागीय शहरात ५१,०००, जिल्ह्याच्या ठिकाणी ४३,०००. कॉलेजची फी यात धरायची नाही. तिच्यासाठी महाडीबीटीवर, म्हणजे राज्य सरकारच्या शिष्यवृत्तीच्या संकेतस्थळावर, भारत सरकार शिष्यवृत्तीचा अर्ज वेगळा भरावा लागतो.

५१,००० ची फोड अशी: जेवणाला २८,०००, राहायला १५,०००, निर्वाह भत्ता ८,०००. वर शैक्षणिक साहित्याचे २,०००. दहा महिने धरले तर जेवणाला महिना २,८०० आणि खोलीला १,५००. माझा डबा पहिल्या वर्षी २,८०० लाच होता, तो बरोबर बसला. खोली चौघींत मिळून होती, एका कॉटचे महिना १,८००. म्हणजे वर्षाला ३,००० कमी पडले, ते निर्वाह भत्त्यातून घातले. उरले ५,०००, महिना ५००. त्यात बस, साबण, झेरॉक्स, मोबाइलचा रिचार्ज. दुसऱ्या वर्षी डबा देणाऱ्या काकूंनी तो ३,००० केला आणि ते ५०० चे ३०० झाले. योजना सुरू झाली तेव्हाही आकडे हेच होते. तेव्हा डबा कितीला मिळायचा ते काकूंना विचारा, त्या लगेच सांगतात.

कागद जमवणं हे वेगळंच काम आहे. जातीचा आणि उत्पन्नाचा दाखला गावाकडून आणता येतो. खरी अडचण भाडेकराराची. दोन घरमालकांनी आडनाव ऐकल्यावर खोली आत्ताच गेली म्हणून सांगितलं. पाटी मात्र पुढच्या आठवड्यातही दाराला होती. तिसऱ्यांनी खोली दिली, पण बॉण्डवर सही करायला तयार नव्हते. आम्ही चौघी रविवारी त्यांच्या घरी जाऊन बसलो, योजनेची माहिती छापून नेली होती, ती त्यांच्या सुनेनं मोठ्यानं वाचून दाखवली. मग झाली सही. त्या वहिनींचे उपकार मी विसरणार नाही. डब्याचंही तसंच. काकू घरून डबे देतात, त्यांच्याकडे बिलबुक कुठलं? पावती पुस्तक आम्हीच विकत आणून दिलं आणि पहिल्या महिन्यापासून पावत्या फाडून घेतल्या. हे पहिल्या महिन्यापासूनच करा, मागच्या महिन्यांच्या पावत्या नंतर मागताना फार जड जातं.

आता मुख्य गोष्ट. खर्च जुलै-ऑगस्टपासून सुरू होतो. अनामत रक्कम, पहिलं भाडं, डब्याचे आगाऊ पैसे, गणवेशाची साडी. योजनेचा पैसा अर्ज तपासून झाल्यावर, हजेरीचा दाखला लागल्यावर येतो. हजेरी ७५ टक्के हवी. नियम मला पटतो, पण त्याचा अर्थ असा की आधी राहायचं, जेवायचं, कॉलेजला जायचं आणि मग त्याचे पैसे मिळणार. ज्याच्या घरात चार-सहा महिन्यांचा खर्च पडून आहे, त्याला ही योजना लागतच नाही. ज्याला लागते, त्याच्याकडे ते चार-सहा महिने नसतात.

आईनं बचत गटातून १५,००० उचलले, महिना दोन टक्क्यांनी. म्हणजे दर महिन्याला ३०० रुपये व्याज. पैसे हातात यायला सात महिने गेले, २,१०० व्याजात गेले. ते २,१०० योजनेच्या कुठल्याच रकान्यात बसत नाहीत. त्या सातांतले दोन महिने तर निव्वळ खात्याच्या घोळात गेले, आणि हा भाग सगळ्यांनी नीट वाचा. मी अर्जाला संभाजीनगरच्या नव्या खात्याचं पासबुक जोडलं होतं. पण माझा आधार जोडलेला होता गावाकडच्या एका बँकेतल्या जुन्या खात्याला, जे आठवीत असताना शिष्यवृत्तीसाठी काढलं होतं. आधारवर येणारे पैसे पासबुक बघत नाहीत, आधार ज्या खात्याला जोडलाय तिथे जातात. इकडे मी रोज मोबाइलवर बघतेय, तिकडे पैसे गावात येऊन पडलेले. आई दुसऱ्याच कामासाठी बँकेत गेली, पासबुक भरून घेतलं, तेव्हा कळलं. वापर नसल्यानं ते खातं बंद पडलेलं, पुन्हा केवायसी, पुन्हा फेऱ्या. काउंटरवरच्या माणसानं आईला तीन वेळा परत पाठवलं, आणि प्रत्येक वेळी तिची रोजी बुडाली. त्या काळात काकूंनी तीन महिन्यांच्या डब्याचे पैसे थकू दिले, एकदाही मागितले नाहीत.

पहिल्या वर्षी मी संध्याकाळी दोन मुलांची शिकवणी घेऊन थोडं भागवत होते. दुसऱ्या वर्षी ते जमलं नाही, आणि इथे बी.एड. इतर पदव्यांहून वेगळं पडतं. शिकवण्याच्या सरावासाठी पहिल्या वर्षी ४ आठवडे शाळेत जायचं असतं, दुसऱ्या वर्षी १६. पूर्ण दिवस शाळा, संध्याकाळी दुसऱ्या दिवसाची पाठ टाचणं, रात्री तक्ते आणि फ्लॅश कार्ड. कमवायला वेळच उरत नाही, आणि शाळेतल्या कामाचा छात्राध्यापकाला मोबदला नसतो. माझी शाळा कॉलेजपासून लांब होती, बसला जाऊन-येऊन रोजचे ४० रुपये. साहित्याचे २,००० कार्डशीट, रंग, झेरॉक्स आणि टाचण वह्यांतच संपले. शिकवायला शिकणाऱ्यांसाठी त्या १६ आठवड्यांचा प्रवासखर्च वेगळा द्यायला हवा, असं माझं ठाम मत आहे.

त्याच शाळेत आठवीला मी इतिहासाचा पाठ घेतला. पूरक माहिती म्हणून सांगितलं, की १९१३ साली सयाजीराव गायकवाडांनी बाबासाहेबांना कोलंबिया विद्यापीठात शिकण्यासाठी तीन वर्षं, महिना साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती दिली. मला वाटलं मुलं विचारतील, साडेअकरा पौंड म्हणजे किती रुपये. मागच्या बाकावरच्या एका मुलानं विचारलं, "मॅडम, पण ते दर महिन्याला यायचे का?" मी फळ्याकडे वळले आणि तारीख पुन्हा एकदा लिहिली. त्याचे वडील ऊसतोडीला जातात. पैसे किती, यापेक्षा पैसे कधी, हे त्या मुलाला आधी सुचलं होतं.

पुढची वाटही लक्षात घ्या. टीईटी (शिक्षक पात्रता परीक्षा), टेट (अभियोग्यता चाचणी), पवित्र पोर्टल (शिक्षक भरतीचं सरकारी संकेतस्थळ) हे सगळं पार करून नोकरी लागली, तरी पहिली तीन वर्षं शिक्षणसेवक म्हणून मानधनावर काढायची असतात. २०२३ पासून ते प्राथमिकला १६,०००, माध्यमिकला १८,००० झालंय, त्याआधी ६,००० आणि ८,००० होतं. शिकताना कर्ज केलं तर ते या मानधनातून फेडायचं. म्हणून स्वाधारचं महत्त्व मी कमी लेखणार नाही. माझ्यावर आज बचत गटाचं काही बाकी नाही. योजना नसती तर मी बी.ए. करून गावातच राहिले असते, यात मला शंका नाही.

इतर प्रवर्गांतल्या मुलींनी आपलं काही नाही असं समजू नये. आमच्या खोलीत एकीला आदिवासी विभागाची पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम् योजना होती. वंजारी समाजातल्या एकीला ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना मिळाली, तिच्यात जिल्ह्याला जागा ठरलेल्या असतात, त्यामुळे अर्ज वेळेत गेला पाहिजे. चौथी खुल्या गटातली, तिच्या घरी दोन एकर कोरडवाहू. तिनं पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्त्याचा अर्ज केला. चौघींची नावं वेगवेगळ्या याद्यांत होती, पण भाडेकरार एकच होता.

स्वाधारला माझ्याकडून पाचपैकी चार तारे. एक तारा पैसे यायच्या तारखेसाठी कापला. ५१,००० मधले पहिले १०,००० जरी प्रवेशाची पावती दाखवल्याबरोबर दिले, तरी बचत गटाकडे जावं लागणार नाही, बाकीचे हजेरी बघून द्या.

मामाची मुलगी यंदा डी.एल.एड.ला, म्हणजे प्राथमिक शिक्षकांच्या पदविकेला, लागली आहे. माझी कागदांची फाइल मी तिला दिली. दाखले तिचे तिला काढायचे आहेत, पण कुठला कागद कुठे लागतो ते प्रत्येक कप्प्यावर लिहून ठेवलंय. पावती पुस्तकात अजून बारा कोऱ्या पावत्या आहेत. आणि सगळ्यात वर, तिचा आधार सध्या कुठल्या बँकेला जोडलेला आहे त्याची प्रिंट काढून लावली आहे. बँक गावातलीच निघाली. सोमवारी आम्ही दोघी तिथे जाणार आहोत.