चाटी गल्लीतलं चादरीचं दुकान: आधी विचारतात, मग दाखवतात

आहेराला द्यायला सोलापुरी चादरी पाहिजे असतील तर सोलापूरच्या चाटी गल्लीतल्या ह्या जुन्या दुकानात जा, मी मनापासून सांगतेय. तुम्ही गादीवर बसलात की लगेच गठ्ठे फोडत नाहीत. "अक्का, द्यायच्यात का घरी वापरायला? सिंगल का डबल? कितीपर्यंत धरलंय?" एवढं विचारतात आणि मग चार-पाच चादरी समोर टाकतात, बस्स. एक उलटी करून दाखवतात, मागं तेच डिझाइन पण रंग उलटे, म्हणजे दोन्ही बाजूंनी वापरता येते. हातात धरून वजन बघा म्हणतात, सूत किती पडलंय ते तिथंच कळतं.

त्याआधी आम्ही एका मोठ्या शोरूममध्ये गेलो होतो, पोरगा बिचारा एकावर एक उलगडत गेला, मोर झाला, चौकडा झाला, फुलं झाली, मग फिकट रंग मग गडद रंग, आणि शेवटी आई म्हणाली राहू दे नंतर बघू. रिकाम्या हातानं बाहेर.

हे जगभर होतं. 2000 साली शीना अय्यंगार आणि मार्क लेपर ह्यांचा जॅमचा प्रयोग छापून आला, कॅलिफोर्नियातल्या एका किराणा दुकानातला. टेबलावर 24 प्रकार ठेवले तर 60 टक्के लोक थांबले पण थांबलेल्यांतल्या फक्त 3 टक्क्यांनी घेतला, 6 च ठेवले तर थांबले 40 टक्के पण त्यांतले घेणारे 30 टक्के! आपल्याला कॉलेजात इकॉनॉमिक्सला शिकवतात की पर्याय वाढले की गिऱ्हाइकाचं भलंच, नको ते सोडून द्यायचं. पण बघायला, ताडून बघायला जो वेळ आणि डोकं लागतं ते त्या हिशोबात फुकट धरलेलं असतं. हर्बर्ट सायमननं तर हे कधीच सांगितलं होतं, 1978 चं इकॉनॉमिक्सचं नोबेल मिळालं त्याला, की माणूस सगळ्यात भारी शोधत बसत नाही, आपल्याला चालेल असं मिळालं की थांबतो.

आता सगळा दोष जास्त मालाला देणंही बरोबर नाही हां. 2010 मध्ये असे 50 प्रयोग एकत्र तपासले तर सरासरी परिणाम जवळपास शून्य निघाला. नंतरच्या अभ्यासात दिसलं की आपल्याला नक्की काय पाहिजे तेच माहीत नसलं आणि वस्तू एकमेकींशी ताडायला अवघड असल्या की मगच माणूस अडकतो. म्हणून मला ह्या दुकानातल्या त्या तीन प्रश्नांचं एवढं मोल वाटतं, माल तर ह्यांच्याकडंही माळ्यापर्यंत भरलाय, पण तो उघडायच्या आधी तुम्हाला काय पाहिजे ते तुमच्याच तोंडून काढून घेतात.

भाव वाजवी, घासाघीस फार होत नाही. गाडी लांब लावून चालत जा, गल्लीत जागा मिळत नाही. आणि एकाच डिझाइनच्या जास्त नग लागणार असतील तर आधी सांगून ठेवा, मागवून देतात.